घरी नाताळची कार्डं करायची आहेत, बर्फ सोडून काय काढता येईल?

पाणकोंबडी | २ डिसेंबर, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. आम्ही वेंगुर्ल्याला राहतो. लेक सहावीत आहे. यंदा तिने ठरवलंय की वाडीतल्या ख्रिश्चन घरांना नाताळची कार्डं स्वतः करून द्यायची. एकूण ११ घरं. शेजारची आजी दरवर्षी २५ तारखेला ताट भरून नेवऱ्या, कुळकुळं आणि दोदोल पाठवते, आम्ही दिवाळीला फराळ देतो. हे माझ्या सासूबाईंच्या आधीपासून चालत आलंय.
तर काल लेकीने पहिलं कार्ड केलं. निळा कागद, त्यावर कापूस चिकटवलेला, सूचिपर्णी झाड, धुराडं असलेलं घर. सुबक झालंय, प्रश्न तो नाही. पण मी सहज विचारलं, आजीच्या घराला धुराडं आहे का गं? तर रुसून बसली. आता म्हणते, मग तूच सांग काय काढू.
सांगा बरं. बाजारातून चमकी-बिमकी आणायची नाहीये, घरात आणि परसात मिळेल त्यातून व्हायला हवं. वेळ तीन आठवडे, त्यातही सहामाहीनंतरचे प्रकल्प आहेतच शाळेचे.

तिरफळ | २ डिसेंबर, रात्री ९:५२
कोकणात बर्फ खयसून इलो? आमच्याकडे बर्फ एकच, बांगड्याच्या खोक्यातलो. तोच काढा. वर दोन बांगडे, झाला नाताळ.

आंबोळी | २ डिसेंबर, रात्री १०:०५
तिरफळ, हसून चहा सांडला.
पाणकोंबडी, सोपा उपाय सांगते. भेंडी आडवी कापा, जून असेल तर उत्तम. देठाकडचा भाग रंगात बुडवून ठसा मारा. पाच कोनांची चांदणी तयार. ११ कार्डांना दोन भेंड्या पुरतात. कापल्यावर दहा मिनिटं फडक्यावर पालथी ठेवा, नाहीतर बुळबुळीत रसाने रंग पसरतो आणि चांदणीचं फूल होतं.

सागरगोटा | २ डिसेंबर, रात्री १०:३१
भेंडीपेक्षा करमल बघा. आंबट फळ असतं, पिवळं-हिरवं, कापलं की सरळ चांदणीच. धारा टोकदार असल्यामुळे ठसा भेंडीपेक्षा नीट येतो. आमच्या विहिरीजवळ झाड आहे, अर्धी फळं खाली पडून फुकट जातात.

आंबोळी | २ डिसेंबर, रात्री १०:३८
करमल की कमरख?

सागरगोटा | २ डिसेंबर, रात्री १०:४४
शहरात कमरख, मॉलमध्ये स्टारफ्रूट आणि शंभर रुपयांना चार. आमच्याकडे करमल आणि फुकट.

खाजणवाट | ३ डिसेंबर, सकाळी ७:१५
मला मुळात एक कळत नाही. कार्ड हा प्रकारच परका आहे ना? त्यात बर्फ खरा की खोटा यावर कशाला वाद घालायचा? मुलीला आवडलंय ते करू द्या. आपण लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर प्लास्टिकचे वाघ आणि शिवाजी महाराजांच्या शेजारी बंदूकवाले सैनिक ठेवलेच की.

काथ्याकूट | ३ डिसेंबर, सकाळी ८:०२
खाजणवाट, परका म्हणजे कितपत परका ते सांगतो, कारण यात गंमत आहे.
विकायला छापलेलं पहिलं नाताळचं कार्ड १८४३ सालचं, लंडनचं. हेन्री कोल नावाच्या गृहस्थाला इतक्या लोकांना पत्रं लिहायची होती की हात दुखायची वेळ आली. तीनच वर्षं आधी, १८४० मध्ये, इंग्लंडात एका पेनीत देशभर पत्र पाठवायची सोय सुरू झाली होती. ती योजना उभी करण्यात याच कोलचा हात होता, म्हणजे स्वतःच्याच सुधारणेत अडकला बिचारा. मग त्याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं आणि हजारेक प्रती छापल्या. किंमत एक शिलिंग, त्या काळी सामान्य माणसाला न परवडणारी.
आता ऐका. त्या कार्डावर बर्फ नाही. मधे घरची मंडळी टेबलाभोवती बसून वाइन पिताहेत आणि दोन बाजूंना दोन चित्रं, एकात भुकेल्यांना अन्न दिलं जातंय, दुसऱ्यात गरिबांना कपडे. छोट्या मुलीच्या ओठाला पण पेला लावलेला होता, त्यावरून दारूबंदीवाल्यांनी आरडाओरडा केला. तेव्हा पाणकोंबडीताई, मूळ परंपरेला धरून काढायचं असेल तर शेजारच्या आजीचं नेवऱ्यांचं ताटच काढा. ते १८४३ च्या कार्डाच्या जास्त जवळ जाईल.

तिरफळ | ३ डिसेंबर, सकाळी ८:१०
नाव सार्थ केलात, काथ्याकूट.

आंबोळी | ३ डिसेंबर, सकाळी ८:४०
आणि तो लाल छातीचा पक्षी का असतो हो इंग्रजी कार्डांवर?

काथ्याकूट | ३ डिसेंबर, सकाळी ९:१२
रॉबिन. तिकडच्या पोस्टमनचा डगला तेव्हा लाल असायचा, म्हणून लोक पोस्टमनलाच रॉबिन म्हणायला लागले. मग कार्डांवर चोचीत पत्र धरलेला रॉबिन आला.

सागरगोटा | ३ डिसेंबर, सकाळी ९:२०
आमचा पोस्टमन खाकी. म्हणजे साळुंकी काढायला हवी.

पाणकोंबडी | ३ डिसेंबर, दुपारी १:३०
साळुंकी!! लेकीला शाळेतून आल्यावर सांगते. चोचीत पत्र धरलेली साळुंकी तिला नक्की जमेल, रोज परसात भांडत असतात.

वसईचा_मी | ३ डिसेंबर, रात्री १०:१८
कालपासून वाचतोय, शेवटी लिहावंसं वाटलं. नाताळ आमच्या घरचाच सण, त्यामुळे थोडं आतून लिहितो.
बर्फावर हसा, पण जरा जपून. आमच्या घरामागे केळीची बाग होती आणि डिसेंबरात बाबा येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा करायचे. गोणपाट मातीत बुडवून डोंगर, भाताचा पेंढा, काडेपेट्यांची घरं, आरशाच्या तुकड्याचं तळं. आणि सगळं झालं की आई कपाटातून कापसाचं पुडकं काढायची. तो कापूस डोंगरावर पसरायचा मान सगळ्यात धाकट्याचा. सात वर्षं तो मान माझा होता. आम्हाला काय माहीत नव्हतं का की वसईत बर्फ पडत नाही? बेथलेहेमलाही तो कधीतरीच पडतो हे नंतर कळलं. पण कापूस म्हणजे नाताळ आला, एवढंच. त्यामुळे तुमच्या मुलीने कापूस लावला तर शेजारच्या आजीला ते परकं वाटेल असं समजू नका. कदाचित तिच्याही कपाटात पुडकं असेल.
दुसरं, कार्डावर काय काढलंय यापेक्षा माझी आजी आधी काय बघायची सांगू? नाव. घरातल्या सगळ्यांची नावं लिहिली आहेत का, आणि नीट लिहिली आहेत का. आमच्याकडे छापील कार्डं यायची त्यांवर 'आणि परिवार' असायचं. आजी म्हणायची, परिवार म्हणजे कोण, मी का कोंबड्या?
चित्र काहीही काढा. नावं मात्र एकेक करून लिहा.

पाणकोंबडी | ३ डिसेंबर, रात्री १०:४५
वसईचा_मी, खूप खूप धन्यवाद. धुराड्यावरून मी उगाच डाफरले असं वाटायला लागलंय. कापसाचं कार्ड ठेवते, ते एक घरी जाईलच. बाकीच्या दहांचं बघू. नावांचं लक्षात ठेवलं, उद्याच लेकीला वहीत यादी करायला लावते.

खाजणवाट | ४ डिसेंबर, सकाळी ७:४०
वसईचा_मी, माझं म्हणणं तुम्ही जास्त नीट मांडलंत.
गोठ्यावरून आठवलं, आमच्या मालवणातले शेजारी गोठ्यासाठी पंधरा दिवस आधी ताटलीत नाचणी पेरायचे. २४ तारखेपर्यंत मस्त हिरवं गवत. आमच्या आईला घटस्थापनेचं रुजवणच वाटायचं ते, ती जाऊन पाणी शिंपडून यायची. तुमच्या कार्डावर चिमूटभर रुजवण चिकटवलं तर?

आंबोळी | ४ डिसेंबर, सकाळी ८:०५
दोन दिवसांत पिवळं पडेल ते.

सुरूबन | ४ डिसेंबर, दुपारी ४:२०
मी शाळेत चित्रकला शिकवायचो, आता निवृत्त. दापोली तालुक्यात किनाऱ्याला राहतो. मुलांकडून असली कार्डं बरीच करून घेतली आहेत, तेव्हा जरा सविस्तर.
आधी कागद. साधा चार्ट पेपर घेतला तर कार्ड उभं राहत नाही, दमट हवेत मान टाकतं. जाड कार्डशीट घ्या. ए-४ कागद मधोमध कापला की दोन कार्डं होतात, प्रत्येक अर्धा पुन्हा दुमडायचा. घडी घालायच्या आधी पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढा, मग दुमडा. घडी सुरीसारखी येते. आणि कागद ज्या दिशेने सहज वाकतो त्याच दिशेने घडी घाला, उलट घातलीत तर कड तडकते. हातात धरून दोन्हीकडे हलकेच वाकवून बघितलं की कळतं.
किनाऱ्यावर सुरूची झाडं असतीलच. सुरूची बोंडं बोराएवढी असतात, त्यांचं लहानसं झाड छान होतं. पण बोंड चपटं नसतं, पाकिटात जाणार नाही. हातात द्यायच्या कार्डालाच लावा. पाकिटातल्या कार्डासाठी सुरूच्या काड्या घ्या. बारीक, पेरापेरांच्या असतात, ओढलं की पेरात सुटतात. खाली लांब, वर आखूड अशा आडव्या लावत गेलं की झाड तयार, तेही आपल्या किनाऱ्यावरचं.
झावळीच्या बुडाशी तपकिरी जाळी असते ना, नारळाच्या झाडाला गोणपाट गुंडाळल्यासारखी, ती वाळलेली कापून लावली की गोठ्याचं छप्पर. हिरांचे तुकडे करून खांब.
आता माझी सगळ्यात आवडती युक्ती. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा, पातळ लेप कागदाला दोनदा लावा, सावलीत वाळू द्या. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात ढवळून तासभर ठेवा आणि वरची निवळी हलकेच काढून घ्या. कापूस गुंडाळलेली काडी त्या निवळीत बुडवून पिवळ्या कागदावर लिहा. निवळी दिसायला पाणीच, पण कागदाला लागली की अक्षरं लालभडक उमटतात. वर्गात हा प्रकार केला की मागच्या बाकावरची मुलं पुढे येऊन बसायची. चुन्याच्या जागी साबणाचं पाणीही चालतं. हळदीला आम्लारी काही लागलं की ती लाल होते, एवढंच यातलं शास्त्र.
दोन सावधगिऱ्या. एक, हळदीचा रंग उन्हात विटतो आणि लालही हळूहळू उतरतो, तेव्हा आदल्या दिवशीच करा. दोन, साबणाने हात धुऊन कोरडे न करता कागदाला हात लावू नका, बोटं उमटतात. चुना मोठ्यांनी कालवावा, डोळ्यात गेला तर वाईट.

तिरफळ | ४ डिसेंबर, दुपारी ४:४१
हळद अधिक चुना म्हणजे कुंकूच की सर. नाताळात हळदीकुंकू!

सुरूबन | ४ डिसेंबर, संध्याकाळी ५:०३
तेच म्हणा. सवाष्णींना वाण म्हणून कार्ड द्या.

गजाली | ४ डिसेंबर, रात्री ९:१५
पिंपळाच्या जाळीच्या पानाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? लहानपणी वहीत ठेवायचो ते. त्यावर चांदणी रंगवली की काचेतून बघितल्यासारखी दिसते.
करायची रीत: पानं पाण्यात तीन-चार आठवडे कुजवायची, मग हलक्या हाताने हिरवं सोडवायचं. तुम्हाला तेवढा वेळ नाही, तर धुण्याचा सोडा घालून तासभर मंद उकळा आणि जुन्या टूथब्रशने ताटलीत पाण्याखाली टिचक्या मारल्यासारखं झटका. घासू नका, टिचक्याच.
आणि हे माझ्या अनुभवाचे बोल: ॲल्युमिनियमच्या टोपात उकळू नका. सोड्याने टोप काळा होतो. सासूबाईंचा पेजेचा टोप होता. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली, अजून पेज वाढताना त्या टोपाचा उल्लेख होतो. स्टीलचं भांडं घ्या. वासासाठी खिडक्या उघड्या ठेवा.

आंबोळी | ४ डिसेंबर, रात्री ९:२८
नऊ वर्षांत नवीन टोप नाही आणला?

गजाली | ४ डिसेंबर, रात्री ९:३५
तीन आणले. विषय टोपाचा नाहीच आहे.

काथ्याकूट | ५ डिसेंबर, सकाळी ८:३०
पोस्टाने पाठवणार असाल तर माझी एक कथा ऐका. मी आठवीत असताना मुंबईच्या आत्याला कार्ड पाठवलं होतं. आमचं गाव रत्नागिरीच. मांडवी किनाऱ्याची काळी वाळू आणि पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्याची पांढरी, दोन्ही आणून डिंकावर पसरली. काळा समुद्र, पांढरं आभाळ. वर शिंपल्यांची चांदणी. काय दिसत होतं म्हणून सांगू! पाकिटात घातलं, नेहमीचं तिकीट लावलं आणि टाकलं पेटीत.
वजन किती भरलं असेल याचा विचारच केला नाही. साध्या पत्राचं तिकीट वीस ग्रॅमपर्यंतचं असतं, वर गेलं की जास्त लागतं. ते कमी पडलं की पत्र नॉटपेड होतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल करतात. आत्याने पैसे भरून पाकीट सोडवलं. उघडलं तर शिंपल्यांचा भुगा आणि सगळी वाळू तिच्या मांडीवर. शिक्के मारताना चुरा झाला असणार. आत्याचं उत्तर पोस्टकार्डावर आलं: 'समुद्र मिळाला. पुढच्या वेळी नुसती लाट पाठव.'
सारांश, पोस्टाने जायचं ते चपटं आणि हलकं ठेवा. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा.

वसईचा_मी | ५ डिसेंबर, सकाळी ९:४७
आत्या भारी! आणि उशीर झाला तरी घाबरू नका, ६ जानेवारीला तीन राजांचा सण असतो. तोपर्यंत आलेलं कार्ड आमच्याकडे वेळेवर आलेलंच धरतात.

सागरगोटा | ६ डिसेंबर, रात्री ८:१०
जाड कागद विकत घ्यायचा नसेल तर लग्नपत्रिका वापरा. प्रत्येक घरात गठ्ठा असतो, कागद उत्तम असतो आणि पाकीटही सोबत मिळतं. मी एकदा आतली बाजू झाकायला पांढरा कागद चिकटवला होता, पण खळ पातळ झाली. ऑफिसातल्या सहकाऱ्याने कार्ड उघडलं, वर 'नाताळच्या शुभेच्छा' आणि त्याच्या आडून ढळढळीत '॥ श्री गजानन प्रसन्न ॥'. खाली 'आमच्या येथे श्री कृपेकरून'.

तिरफळ | ६ डिसेंबर, रात्री ८:१४
'हाच आग्रहाचो आमंत्रण' समजान तो जेवूक इलो काय नाय?

सागरगोटा | ६ डिसेंबर, रात्री ८:२०
आला! मुहूर्ताची वेळ वाचूनच.

खाजणवाट | ७ डिसेंबर, सकाळी ७:२२
खळ म्हणजे कणकेची असेल तर झुरळं आणि कसर लागते बरं का. पूर्वी तीत मोरचूद घालत, पण ते विषारी, मुलांच्या हाती नको. बाजारचा पांढरा डिंकच वापरा.
अवांतर: सावंतवाडीच्या गंजिफासारखं, म्हणजे तिथल्या हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांसारखं, गोल कार्ड कसं वाटेल? दशावतारी गंजिफाचा डाव १२० पानांचा, सगळी गोल, किती सुरेख रंगवलेली. त्याच ढंगाची काठावर वेलबुट्टी, मधे चांदणी. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी काही लांब नाही, मुलीला एकदा राजवाड्यात नेऊन कारागीर काम करताना दाखवा.

सुरूबन | ७ डिसेंबर, सकाळी १०:०५
उत्तम कल्पना. फक्त पूर्ण गोल कापू नका, नाहीतर दोन सुट्या चकत्या होतील. घडीच्या बाजूला तीनेक सेंटीमीटर कड सरळ ठेवा, म्हणजे बिजागरी राहते. दुमडलेल्या कागदावर वाटी ठेवून गोल काढा, वाटीची कड घडीच्या थोडी बाहेर जाऊ द्या. तेवढी सरळ कड आपोआप मिळते.

आंबोळी | १५ डिसेंबर, रात्री ९:००
पाणकोंबडी, काय झालं कार्डांचं? धागा वर काढतेय.

पाणकोंबडी | १५ डिसेंबर, रात्री ९:५०
सहा झाली. दोन गंजिफा पद्धतीची, तीन साळुंकीची (एका साळुंकीच्या चोचीत पत्राऐवजी बांगडा आहे, तिरफळ यांना श्रेय), एक जुनं कापसाचं. पिंपळपानं फसली, मी घासली. टोप मात्र वाचला. हळदीची २४ ला करणार. नावांची यादी करायला लेक घरोघरी जाऊन आली, ११ घरांत ५२ माणसं निघाली. त्यातल्या दोघी दुबईत आणि एक बोटीवर. त्यांचीही नावं लिहायची असं ठरलंय.

पाणकोंबडी | २६ डिसेंबर, दुपारी ३:१५
मंडळी, सगळी कार्डं पोचली. बाकीच्यांचं निवांत लिहीन, शेजारच्या आजीचं आत्ताच सांगते.
तिच्यासाठी हळदीचंच कार्ड ठेवलं होतं. वर चुन्याने चांदणी, आत 'नाताळच्या शुभेच्छा' आणि खाली घरातली सातही नावं, आजीचं पहिलं. काल सकाळी आम्ही गेलो तर आजी मागच्या दारी भांडी घासत बसलेली. लेक पुढे झाली, आणि मी 'आजी, हात...' म्हणेपर्यंत आजीने भांड्याच्या साबणाच्या फेसाने भरलेल्या हातानेच कार्ड घेतलं. आमच्या डोळ्यांसमोर पिवळ्यावर लालभडक अंगठा उमटला. अगदी रेघांसकट, तिच्या नावाच्या शेजारी.
लेक रडवेली. म्हणे, मी नवीन करून देते, हे परत द्या. आजी एकदा अंगठ्याकडे बघतेय, एकदा कार्डाकडे. मग तिने मुद्दाम दुसराही अंगठा उमटवला. सुनेला हाक मारली, नातवंडांना बोलावलं, बादलीतला साबण सगळ्यांना लावायला लावला. दुबईतल्या दोघी वगळून पाचही जणांचे अंगठे आहेत आता त्यावर. कार्ड गोठ्याला टेकवून ठेवलंय. आणि गोठ्याच्या डोंगरावर कापूस आहे, वसईचा_मी!

सुरूबन | २६ डिसेंबर, दुपारी ३:४०
इतकी वर्षं शिकवलं, हे सुचलं नाही.

तिरफळ | २६ डिसेंबर, दुपारी ३:४४
अंगठो दिल्यान म्हणजे पोचपावती गावली. नेवऱ्यो किती इले ता सांगा.

पाणकोंबडी | २६ डिसेंबर, दुपारी ३:५०
उरल्या चार. या लवकर.